जास्वंदीला कोण मारतंय?

परंडा
१२ जानेवारी २०२५

चि. निवेदितास मामीचे आशीर्वाद.

पाकीट उघडताच वाळकी पानं हातात आली म्हणून घाबरू नकोस. मुद्दाम घातलीत. आपल्या लाल जास्वंदीची आहेत. तू तिकडं रोपवाटिकेत दिवसभर झाडांचीच दुखणी बघतेस, तेव्हा तूच सांग हा काय प्रकार आहे.

फोन केला असता, पण आमच्याकडं अंगणात आलं तरच नीट ऐकू येतं, आणि अंगणाला लागून श्रीदेवीची खिडकी. मला बोलायचंय ते तिच्याचबद्दल.

भिंतीलगतची झाडं तुला आठवत असतील. लाल जास्वंद, मग पिवळी, मग कण्हेर, कोपऱ्यात मोगरा. कोर्टातली कारकुनी संपल्यापासून तुझ्या मामांनी दुसरं केलंय काय? रविवारी टोपलीभर फुलं घेऊन सोनारीच्या कालभैरवाला जायचं, हा त्यांचा नेम. दिवाळीनंतर आधी लाल जास्वंदीच्या कळ्या गळायला लागल्या, उमलायच्या आतच. मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जशा कुणी उदबत्तीनं डागल्यात. आता पिवळीलाही तेच. भिंतीच्या कडेकडेनं एकामागून एक. रोग असा रांगेनं येतो का गं?

श्रीदेवी शेजारी राहायला आली त्याला तीनेक वर्षं झाली. उमरग्याकडची, घरात कानडी बोलतात. नवरा सिद्धाराम दिवसभर भुसाराच्या दुकानात. आल्या आल्याच तिनं मला ऐकवलं होतं, "अक्का, तुमच्या जास्वंदीचा पाला आमच्या अंगणात लई पडतो. किडे बी येतात." मी म्हटलं, झाड आहे, पाला पडणारच. तेव्हापासून आमचं बोलणं बेताचंच. पण हल्ली बघते तर ती दुपारची भिंतीपाशी येऊन उभी असते, आमच्या अंगणात बघत. मी बाहेर आले की लगेच आत. मला वाटतं ती काहीतरी ओततेय.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "झाडं जरा अशक्त झालीत, दुसरं काही नाही." एरवी एक पान पिवळं पडलं तरी भिंग घेऊन बसणारा माणूस! आता एवढा शांत का, तेही मला कळेना.

लवकर उत्तर दे. पत्रानंच दे.

तुझी मामी
चारुशीला

---

सांगली
२१ जानेवारी २०२५

ती. मामींना नमस्कार.

पत्र पोचलं, पानंही पोचली. पानं भिंगाखाली बघितली.

देठाजवळ कापसासारखं पांढरं दिसतंय तो पिठ्या ढेकूण. त्यानं झाडाला त्रास होतो, पण एवढ्याशानं झाड असं करपत नाही. जुन्या ब्रशनं साबणाचं पाणी लावून काढून टाका. कडा जळण्याचं कारण वेगळं आहे. बुरशी असती तर पानावर मधेच ठिपके आले असते. इथं फक्त कड जळालीय आणि शीर हिरवी आहे. म्हणजे मुळांना पाणी ओढता येत नाहीये. माती कोरडी पडली, फार ओली राहिली किंवा मातीत काही साचलं, तर असं होतं.

म्हणून चार गोष्टी बघून कळवा. आधी जुनी पानं करपतात की नवी? गळलेली कळी नखानं फोडली तर आत बारीक अळी आहे का? बुंध्याजवळची माती बोटभर खाली ओली आहे की कोरडी? आणि मातीवर काही पांढरं दिसतं का?

मामी, तोवर श्रीदेवीकाकूंना काही बोलू नका. कारण कळल्याशिवाय उपाय करू नये, हे मला मामांनीच शिकवलंय. त्यांनाच विचारा ना, ते माझ्याआधी ओळखतील. सुटीत मी तुमच्याकडं आले की गुलाबाचा डोळा भरायला, कलम करायला, त्यांनीच मला बसवलं होतं. मी या धंद्यात आले ती त्यांच्यामुळं.

निवेदिता

---

परंडा
२ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास आशीर्वाद.

तुझं सगळं बघितलं. आधी जुनी पानं करपतात, मग नवी. कळ्यांमध्ये अळी नाही. माती खाली ओलीच आहे, हे सकाळी पाणी घालतात. आणि पांढरं म्हणशील तर बुंध्याभोवती खपली धरलीय, चुना सांडल्यासारखी. मी चिमूटभर जिभेला लावून बघितली. खारट, कडवट. लगेच चूळ भरली.

आता तूच सांग, खारट काय असतं? मीठ! आणि मिठाची पोती कुणाच्या दुकानात असतात?

तू म्हणशील मामी उगीच संशय घेते. मग हे ऐक. परवा मी मंडईतून आले तर आमच्या फाटकापाशी ती आणि तुझे मामा. तिनं ह्यांचा दंड धरला होता आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मला बघितलं आणि हात सोडला. पदर सारखा करत निघून गेली. मी ह्यांना विचारलं, "काय चाललं होतं?" तर म्हणाले, "ठेच लागली होती." पायाला ना ओरखडा, ना रक्त.

या वयात मी असलं काही मनात आणावं का? पण आलं. ते आता जात नाही. ती बाई आमच्या झाडांवर टपलीय, आणि हे तिच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलू देत नाहीत. "चांगली बाई आहे, चारू," म्हणतात. कशावरून चांगली?

मी आता दुपारी झोपत नाही. खिडकीत बसून असते.

मामी

---

सांगली
१० फेब्रुवारी २०२५

ती. मामींना नमस्कार.

कृपा करून माती चाखू नका!

पांढरी खपली क्षारांची असते हे बरोबर. पण ते क्षार मिठाचे असतील, बोअरच्या पाण्याचे असतील किंवा आणखी कशाचे. चवीवरून ठरवता येत नाही. मी इथं प्रयोगशाळेतून माती तपासून घेते. एका पिशवीत जास्वंदीच्या बुंध्याची माती घाला, दुसरीत मागच्या दाराजवळच्या तगरीची. तगर भिंतीपासून लांब आहे. दुखणं भिंतीपलीकडून येत असेल तर तगर चांगली असायला हवी. तीही करपली असेल तर भिंतीचा काही संबंध नाही.

अजून एक करा. कुंडीतला गुलाब गच्चीवर न्या, जिन्याचं दार लावून घ्या. त्याला फक्त तुम्ही पाणी घाला, त्याच नळाचं. तो चांगला राहिला तर पाण्याचा दोष नाही हे नक्की होईल.

फाटकापाशी जे बघितलं त्यावर मी काय लिहू? मामांना खरंच ठेच लागली असेल. पडता पडता सावरलं असेल कुणी. तुम्ही दुपारी थोडं झोपत जा.

निवेदिता

---

परंडा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास आशीर्वाद.

मातीच्या पिशव्या कुरिअरनं धाडल्या, मिळाल्या असतील. गुलाब गच्चीवर चांगला आहे, लालसर फूट आलीय. म्हणजे पाणी चांगलं. आणि मागची तगर? तीही करपली. म्हणजे श्रीदेवी मागच्या दारानंसुद्धा येते! मी मागच्या फाटकाला कुलूप घातलं. तरी तगरीची पानं गळतातच.

तू बोलू नको म्हणाली होतीस, पण माझ्यानं राहवलं नाही. काल दुपारी ती परत भिंतीपाशी. मी सरळ जाऊन फाटकातूनच म्हटलं, "श्रीदेवी, एकदा खरं सांग. आमच्या झाडांवर काय ओततेस?"

ती आत जायला वळली. मी आवाज चढवला. समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. म्हटलं, "मीठ घालतेस का दुकानातलं? आमची झाडं मारून तुझं काय भलं होणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "कालभैरवाची आण घेते अक्का, तुमच्या झाडाला मी हात लावला न्हाय."

"मग रोज इथं उभी राहून बघतेस काय?"

"ते मला विचारू नका," म्हणाली. "मी ते सांगू शकत न्हाय."

ऐकलंस? सांगू शकत नाही! चोरी नसेल तर माणूस सांगू का शकत नाही?

आणि तुझे मामा. हे सगळं होत असताना ते आमच्या ओट्यावर उभे होते. माझ्या मागं, हाकेच्या अंतरावर. एका शब्दानं मधे पडले नाहीत. रात्री जेवताना भात कालवत मला विचारतात, "दुपारी दारात कोण बायका भांडत होत्या गं?"

मी ताटावरून उठले. इतकं नाटक! तिला वाचवायला एवढं साळसूद व्हावं माणसानं? उत्कर्षला पुण्याला फोन करून सांगणार होते, पण पोराला बापाबद्दल काय सांगू?

मामी

---

सांगली
८ मार्च २०२५

ती. मामींना नमस्कार.

मातीचा अहवाल आला. हे पत्र एकट्या असताना, सावकाश वाचा.

मातीत मीठ नाही. दोन्ही पिशव्यांत जे भरमसाट आहे ते खत. पाण्यात विरघळणारी पांढरी पूड मिळते ना, बादलीत कालवून घालतात, ती. थोडी घातली तर झाड फुलतं. पुन्हा पुन्हा घातली तर मुळं जळतात, कळ्या गळतात, कडा करपतात. लुसलुशीत फुटीवर पिठ्या ढेकूणही जास्त येतो. सगळी लक्षणं जुळली.

म्हणजे मामी, झाडं मारायला कुणी काही घातलेलं नाही. कुणीतरी ती जगवायला धडपडतंय.

खताचा डबा कुठं असतो? तो कोण उघडतं?

आता जे लिहितेय ते लिहायला मला जड जातंय. संक्रांतीला मामांशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "दहावीचा निकाल कधी आहे तुझा?" मी हसले. थोड्या वेळानं त्यांनी परत तेच विचारलं. मला चेष्टा वाटली. तुमचं मागचं पत्र वाचलं आणि ती चेष्टा नव्हती असं वाटायला लागलं. त्या दिवशी ओट्यावर ते नाटक करत नसतील, मामी. त्यांना खरंच आठवत नसेल.

तुम्ही खिडकीत बसून श्रीदेवीकाकूंवर लक्ष ठेवता. थोडे दिवस मामांकडं लक्ष ठेवा. काही विचारू नका, नुसतं बघा.

निवेदिता

---

परंडा
१३ मार्च २०२५

निवेदिता,

तुला झाडाचं विचारलं होतं, माणसाचं नव्हे. हे आजही कोर्टातल्या जुन्या खटल्यांतल्या पक्षकारांची नावं सांगतात, गावासकट. विष्णुसहस्रनाम तोंडपाठ आहे. अशा माणसाला तू फोनवरच्या दोन शब्दांवरून वेडा ठरवलंस.

तुझी प्रयोगशाळाच चुकली असेल. पुन्हा असं लिहू नकोस.

चारुशीला

---

सांगली
३० मार्च २०२५

ती. मामींना नमस्कार.

तुम्ही रागावलात हे समजलं. वेडा हा शब्द मी लिहिला नव्हता, माझ्या मनातही नाही. विसरायला होणं म्हणजे वेड नव्हे. तो आजार असू शकतो, आणि आजार लवकर दाखवलेला बरा.

काल फोन केला तर मामांनी उचलला. छान बोलले. शेवटी म्हणाले, "चारूला देतो." फोन तसाच चालू राहिला. मी बराच वेळ हॅलो हॅलो करत होते. लांबून फक्त बादलीचा आवाज येत होता.

गुढीपाडव्याच्या शुभेच्छा. उत्तराची वाट बघते.

निवेदिता

---

परंडा
१४ एप्रिल २०२५

चि. निवेदितास मामीचे अनेक आशीर्वाद.

रागानं लिहिलेलं ते पत्र फाडून टाक. तू सांगितलंस तसं मी बघितलं. आधी बघायचंच नव्हतं. तू लिहिलेला बादलीचा आवाज मात्र डोक्यातून जाईना.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहिले. हे सकाळी आले, न्हाणीच्या फळीवरचा डबा काढला, चमचाभर पूड बादलीत कालवली, जास्वंदीला घातली. हात धुतले. माझ्या हातचा चहा घेतला. पेपर उघडला, ठेवला, परत अंगणात गेले. जास्वंदीसमोर उभं राहून पान उलटंसुलटं केलं आणि स्वतःशीच म्हणाले, "उपाशी दिसतंय गं झाड." आणि परत डबा काढला.

मी बघत राहिले. जेवणाआधी परत. दुपारी परत, तगरीला. दर वेळी तोच चेहरा, तीच काळजी. झाड जितकं सुकेल तितकी काळजी जास्त, आणि जितकी काळजी तितकं खत. मी इतके महिने त्या डब्याशेजारून रोज गेलेय, निवेदिता. मला वाटायचं, नुसतं पाणी घालतात.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "अहो, आत्ताच घातलंत ना?"

ते दचकले. डब्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मग हसले, एखाद्या मुलाला वर्गात उत्तर आलं नाही की ते हसतं ना, तसं. "घातलं का? असेल, असेल." आणि चमचा माझ्या हातात दिला. मी तिथंच पायरीवर बसले.

संध्याकाळी श्रीदेवीकडं गेले. तिच्या उंबऱ्याशी उभी राहिले, आत जायचं धाडस होईना. ती म्हणाली, "या की अक्का." मी म्हटलं, "मला कळलं." तिनं विचारलंही नाही काय कळलं. माझा हात धरून आत नेलं आणि आम्ही दोघी रडलो.

मग तिनं सगळं सांगितलं. दसऱ्याच्या सुमाराला हे दूध आणायला गेले आणि परत येताना तिच्या दारात उभे राहिले. स्वतःचंच नाव घेऊन विचारलं, "कोर्टातल्या वसंतरावांचं घर कुठलं हो?" तिला वाटलं थट्टा करतात. मग त्यांचं तोंड बघितलं. हात धरून आपल्या फाटकापर्यंत आणून सोडलं. फाटक बघितल्यावर त्यांना सगळं आठवलं असावं, कारण तिथंच हात जोडून म्हणाले, "ताई, चारूला सांगू नका. ती घाबरेल." तिनं शब्द दिला. त्यानंतरही असं घडलं. मी बघितलं तेव्हा दंड धरला होता तो त्यासाठी. दुपारी मी झोपायचे म्हणून ती भिंतीपाशी यायची. हे फाटकाबाहेर तर पडत नाहीत ना, एवढं बघायला.

म्हटलं, "मी तुला गल्लीत एवढं बोलले. तेव्हा तरी सांगायचंस."

म्हणाली, "ते मागं उभे होते अक्का. त्यांच्यासमोर कसं सांगू?"

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी समोरच्या बायकांना बोलावून मी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. मामांचं कारण नाही सांगितलं, फक्त म्हटलं, माझी चूक झाली, झाडांना मीच जास्त खत घातलं होतं. श्रीदेवीनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

उत्कर्ष आला होता. सोलापूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचाच आजार आहे, सुरुवात आहे. बरा होणारा नाही, पण गोळ्यांनी आणि ठरलेल्या दिनक्रमानं बरेच दिवस चांगले जाऊ शकतात. त्यांना एकट्यानं बाहेर सोडू नका, आणि हातचं काम काढून घेऊ नका. खत न घालता झाडांचं काम त्यांच्या हाती कसं ठेवू, ते तूच सांग.

मामी

---

सांगली
२२ एप्रिल २०२५

ती. मामींना नमस्कार.

पत्र परत परत वाचलं. मग वाटलं, निदान झाडांचं तरी मला सांगता येतं.

वरची पांढरी खपली खरवडून बाहेर टाका. मग प्रत्येक झाडाला भरपूर पाणी सोडा, खालून निचरा होईपर्यंत. थोडे दिवस जाऊ देऊन परत एकदा. साचलेलं खत त्यानं धुऊन जाईल. नंतर मात्र माती वरून सुकली की मगच पाणी. वाळक्या फांद्या हिरवी साल दिसेपर्यंत छाटा. नखानं साल खरवडून बघायची, आत हिरवं असेल तर फांदी जिवंत. पावसाळा संपेपर्यंत खत अजिबात नको. डबा घरात ठेवूच नका.

आणि मामांना काम द्या ते छाटायचं, पिठ्या ढेकूण ब्रशनं काढायचं, वाळली पानं वेचायचं. ही कामं कितीदाही केली तरी झाडाचं काही बिघडत नाही.

मी मे महिन्यात येते आहे. चार दिवस राहीन. चालेल ना?

निवेदिता

---

परंडा
४ मे २०२५

चि. निवेदितास आशीर्वाद.

चालेल ना म्हणून काय विचारतेस? ये.

पिवळी जास्वंद गेली. बुंध्यापर्यंत खरवडलं, कुठंच हिरवं नव्हतं. लाल वाचेल असं वाटतं, खालच्या अंगानं फूट धरलीय. कण्हेरीला काहीच झालं नाही, ती आहेच तशी दांडगी. तगरीचं अजून सांगता येत नाही.

खताचा डबा श्रीदेवीकडं आहे. दुपारी ती इकडं येते, आम्ही तिघं ओट्यावर बसतो. मामा ब्रश घेऊन पानं पुसतात. पुसलेलंच पान परत पुसतात, आम्ही काही म्हणत नाही. परवा मला विचारलं, "या बाई कोण?" श्रीदेवीनंच उत्तर दिलं, "मी शेजारची श्रीदेवी, अण्णा." ते म्हणाले, "हां, चांगली बाई आहे." ती हसली. तिला रोज आपलं नाव सांगायचा कंटाळा येत नाही.

रविवारी सोनारीला आम्ही दोघं बरोबर जातो. फुलं विकत घेतो. देवळाच्या पायऱ्या चढताना ते माझा हात धरतात. पूर्वी कधी चारचौघांत धरला नव्हता.

रात्र झाली की मला भीती वाटते, ते तुला लिहीत नाही. आलीस की बोलू.

एक मात्र लक्षात ठेव. येणारा जाणारा प्रत्येक जण दारात उभा राहून त्यांना विचारतो, "ओळखलं का?" मग ते बिचारे त्याच्या तोंडाकडं बघत राहतात. तू तसं विचारू नकोस. फाटकातूनच मोठ्यानं म्हण, "मामा, मी निवेदिता आले." आणि सरळ येऊन त्यांच्याशेजारी बस.

तुझी मामी
चारुशीला